नव्या बेल्टला काजळी

घानातल्या कुमासीत माझ्या टायरच्या दुकानाशेजारी बाफूर फिटर इंजिनांचे टायमिंग बेल्ट बदलतो. नवा बेल्ट दाखवला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. "नवा म्हणजे नकली. जर्मनीतल्या गाडीतून काढलेला टाक." जुना बेल्ट अचानक तुटतो आणि इंजिनाची वाट लावतो, हे सांगून सांगून बाफूरचा घसा बसला. शेवटी तो अस्सल नव्या बेल्टांनाच कोरडी काजळी फासून 'जर्मनीचे जुने' म्हणून बसवू लागला.

तसलाच एक त्याने टॅक्सीवाल्या अजेमानला बसवला होता. दोन वर्षांनी परवा अजेमान ऐटीत आला.

"बघ मास्टर, गाडी ठणठणीत. तुझं ऐकून नवा टाकला असता तर कधीच बसलो असतो बोंबलत."

"तुझंच खरं," बाफूर म्हणाला आणि त्याने काळे हात पाठीमागे लपवले.