फैजपूरच्या रस्त्यावर एकोणिसावं पान

जळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा दोन्ही हातांत पुस्तिकांचे गठ्ठे होते आणि डोक्यात हवा. जिवावरच्या प्रसंगातून वाचलेल्या माणसाच्या मनाचं काय होतं, हे डॉक्टरांना आणि घरच्यांना कळावं म्हणून मी पुण्यात बसून बत्तीस पानी पुस्तिका लिहिली होती. अर्धे गठ्ठे जळगाव जिल्ह्यात वाटायचे, अर्धे धुळ्यात. खानदेशाचं भलं करायला निघालेल्या या माणसाला सावद्याच्या एसटीत बसायला जागा मिळाली नाही.

सावद्याच्या डॉक्टरांनी पुस्तिका हातात तोलून पाहिली. "बत्तीस पानं? मी पेशंट कधी बघू?" असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे केळीचे वेफर्स ठेवले. तरी मी दवाखान्याच्या दाराशी टेबल मांडून पुस्तिका रचल्याच. मुखपृष्ठावर उलटलेल्या ट्रकचा मोठा रंगीत फोटो होता. निवड माझीच.

"आज विजयभाऊ यायचेत," डॉक्टर सांगत होते. विजयभाऊ केळीच्या ट्रकवर हमाल. ट्रक उलटला, सोबती गेला, हे वाचले. तेव्हापासून धड झोप नाही, गाडीत पाय ठेवत नाहीत. गाव वेडा म्हणतं. बायको शोभाअक्का त्यांना महिनाभर मनवून आज फैजपूरहून पायी आणणार होत्या.

ते आले. विजयभाऊंनी टेबलाकडे पाहिलं, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते आल्या पावली परत फिरले. 'रुग्णाला त्या प्रसंगाची अचानक आठवण करून देऊ नये,' असं सातव्या पानावर मीच लिहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शोभाअक्कांनी एक पुस्तिका उचलली आणि मुखपृष्ठ टरकन फाडलं.

"तुमीच लिवलं ना? मंग चला. वाचून दाखवा त्यायले."

"चालता चालता?"

"ते थांबतीन का तुमच्यासाठी?"

दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये डांबरी रस्ता. पुढे विजयभाऊ, मागे अक्का आणि त्यांच्यामागे नव्या बुटांत लंगडणारा मी. आभार वाचले, प्रस्तावना वाचली. "आघातोत्तर तणावग्रस्त व्यक्तीची अतिजागृतावस्था..."

"मराठीत वाचा ना भाऊ," अक्का म्हणाल्या.

मी मराठीतच वाचत होतो. धाप लागली, पानं वगळत गेलो. एकोणिसाव्या पानावर कशी कोण जाणे एक सरळ ओळ राहून गेली होती. "हे वेड नाही. अशा प्रसंगानंतर कुणाचंही असं होऊ शकतं आणि यावर उपचार आहेत."

विजयभाऊ थांबले. वळले नाहीत.

"पुन्हा वाचा."

मी वाचलं.

"म्हंजे मी येडा नाही?"

"नाही हो," मी म्हणालो.

"मंग हे पहिल्या पानावर कामून नाही लिवलं?"

"तिथे माझा फोटो आहे," मी खरं ते सांगून टाकलं.

अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. विजयभाऊ हसले नाहीत. पण ते वळले आणि माझ्या बाजूने सावद्याकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एसटीत मी उरलेल्या सगळ्या पुस्तिकांची मुखपृष्ठं फाडत बसलो. कंडक्टरने कचऱ्यावरून दम दिला तो वेगळाच.

पुण्यात येऊन नव्याने लिहिलं. आता एकच पान आहे. चित्र नाही, फोटो नाही, माझं नावही नाही. 'तुम्ही वेडे नाही' इथून सुरुवात. डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

मी भीत भीत विजयभाऊंचं विचारलं.

"येतात की दर आठवड्याला," डॉक्टर म्हणाले. "अजून पायीच."