पाठ केलेली प्रार्थना

मास्तरांना मिशनरी व्हायची हुक्की आली ती चाळिसाव्या वर्षी. या वयात माणसाला चष्मा लागतो. यांना परदेश लागला. अठरा वर्षं शाळेत गणित शिकवलं, नाकासमोर चालले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि एका रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे उभे राहून म्हणाले, "प्रभूनं बोलावलंय, मी जातो." बायको नर्स. 'मीही येते' म्हणायला तिनं दोन दिवस घेतले. वडील, म्हणजे आबा, काहीच बोलले नाहीत. तसेही ते मुलाशी फारसं बोलत नसत. त्यांचं गूळपीठ सुनेशी. मुलाला काही सांगायचं तर ते तिच्यामार्फत.

नव्या देशात त्यांना मिशनच्या सभागृहावरच्या दोन खोल्या मिळाल्या. हीटर लावला की दिवा मंद व्हायचा, आणि खिडकी उघडली की समोरच्या लॉन्ड्रीची वाफ थेट आत. बायको आठवड्याभरात दवाखान्यात रुळली. मास्तरांचं मात्र भाषेवाचून घोडं अडलं. शिकवणी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चाळिशीतली जीभ वळायलाच तयार नाही. शेवटी त्यांनी आपला ठेवणीतला उपाय काढला, घोकंपट्टी. मिशनचे थोरले पाळक आपल्याकडचेच, पण तीस वर्षं तिथंच मुरलेले. त्यांनी तिथल्या भाषेत चार प्रार्थना सांगितल्या: बाळासाठी, नव्या घरासाठी, आजाऱ्यासाठी आणि दफनासाठी. मास्तरांनी त्या देवनागरीत वहीत उतरवल्या आणि पाढ्यांसारख्या पाठ केल्या. अर्थ समजून घेतला होता, नाही असं नाही. पण सतरा साते एकशे एकोणीस म्हणताना कोण अर्थ बघतो?

पाचव्या आठवड्यात आबा गेले. मास्तरांचा राहण्याचा परवाना अजून कचेरीतच अडकला होता; तो हातात नसताना देश सोडला तर परत येता येणार नव्हतं. "मी येत नाही," मास्तर फोनवर म्हणाले. सगळं धाकट्या भावानं केलं. फोन ठेवून मास्तरांनी बेसिनमधली भांडी घासली.

"अहो, रडा तरी एकदा," बायको म्हणाली.

"येत नाही गं," ते म्हणाले. आणि खरंच येत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडीला इंजेक्शन देतात ना, तसं झालं होतं. जीभ लावून बघावं तर हिरडी आपली वाटत नाही. जेवायचे, झोपायचे, प्रार्थना घोकायचे, सगळं त्या बधिर हिरडीनं. बायको न्हाणीघरात नळ सोडून रडायची. ते त्यांना ऐकू यायचं, आणि ते वहीचं पान उलटायचे. असा माणूस असतो का कुठं? असतो की.

अकराव्या आठवड्यात थोरल्यांनी बोलावून घेतलं. "गुरुवारी एकटेच आजाऱ्याच्या घरी जा. जमलं तर उत्तम. नाहीतर तुम्हाला पाठवणाऱ्या समितीला कळवावं लागेल, यांना परत बोलवा म्हणून."

परत! आबांच्या मातीला गेलो नाही ते इथं राहायला मिळावं म्हणून, आणि आता इथूनच हाकललं तर ते सगळं कशासाठी केलं? हिशेब चोख होता, मास्तरांना कळतही होता. फक्त त्याची भीती वाटत नव्हती.

आजारी माणूस म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर, तिसऱ्या मजल्यावर, छातीच्या दुखण्यानं पलंगाला खिळलेला. उशाशी औषधांच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. बायको चहा ओतत होती, मुलगी दारापाशी उभी. मास्तरांनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

आता गंमत अशी, की आजाऱ्याच्या आणि दफनाच्या प्रार्थनेच्या पहिल्या चार ओळी सारख्याच. थोरल्यांनी बजावलंही होतं. पण सतराचा पाढा म्हणता म्हणता पोरगं एकोणीसच्या पाढ्यात घुसतं, तसे मास्तर पाचव्या ओळीला घसरले, आणि मातीला माती मिळेपर्यंत थांबले नाहीत. "आमेन," ते म्हणाले. कुणीच साथ दिली नाही.

डोळे उघडले तर बाईच्या हातातली किटली तशीच, मुलगी लालबुंद. आणि तेव्हा कुठं मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, जिवंत माणूस समोर बसलेला, आणि यांनी त्याला गाडून टाकला!

मुलीनं दाराकडे बोट केलं. ड्रायव्हरनं हात वर करून तिला थांबवलं. लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश त्यानं विचारलं, "कुणासाठी?"

एवढं मास्तरांना कळत होतं. 'माफ करा' हे शब्दही तोंडावर तयार होते. पण बाहेर पडलं ते भलतंच. "माझे वडील."

"कधी?"

"सहा आठवडे."

"तू गेला होतास?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

ड्रायव्हर बायकोशी काहीतरी बोलला. तिनं किटली ठेवली, ओले हात पुसले. मुलीनं तोंड वाकडं केलं, पण पुढं येऊन बापाला धरलं. तो अनवाणी उभा राहिला, धापा टाकत, आणि मास्तरांना हातानं खूण केली. म्हण.

मास्तरांनी पहिल्या ओळीपासून म्हटली. मृताच्या नावासाठी वहीत रिकामी जागा सोडली होती, ती घोकताना ते नेहमी ओलांडून जायचे. आज तिथं थांबून त्यांनी आबांचं पूर्ण नाव घेतलं. शेवटी तिघंही "आमेन" म्हणाले. मास्तरांना रडू आलं नाही. बाईंनी खुर्ची पुढं सरकवली, तिच्यात बसून त्यांनी समोर आलेला चहा संपवला.

थोरल्यांना त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. थोरले म्हणाले, "समितीला कळवत नाही. पण आणखी तीन महिने माझ्याबरोबरच यायचं. एकट्यानं तोंड उघडायचं नाही."

"बरं," मास्तर म्हणाले.

घरी बायको दवाखान्याचा गणवेश इस्त्री करत होती. मास्तर बूट न काढताच खुर्चीत बसले.

"अगं, आज आबांना पोचवून आलो."

तिनं इस्त्री उभी केली. कुठं, कसं, कोण कोण उभं होतं, नाव कुठं घेतलं, सगळं त्यांनी सांगितलं.

"परकी माणसं उभी राहिली त्यांच्यासाठी," शेवटी ती म्हणाली. "आणि मला नाही नेलंत?"