डाव्या बाजूचं गुज

भातकुलीहून अमरावतीच्या बाजारात भाजी घेऊन येणारी ती बाई अजूनही ‘गुज सांगणं’ म्हणते. हा जुना शब्द मी आता फक्त तिच्याच तोंडून ऐकते. कुणी मन मोकळं करायला आली, की ती मेथी निवडता निवडता स्वतःच्या डाव्या बाजूला पोतं अंथरते. “या बाजूनं बसा, ताई. सांगा गुज.” गेली सहा वर्षं माझ्या नवऱ्याच्या मारहाणीचं गुज मी तिच्या डाव्या कानात कुजबुजत आले.

काल तीच म्हणाली, “आज माह्यं गुज आयका. या कानानं मले लहानपणापासून काईच आयकू येत नाई.”

सहा वर्षं!

“मग मी रडली की तुमी बी काहून रडत होत्या?” मी विचारलं.

“तुमचं तोंड तर दिसत होतं ना मले.”