पाडव्याचं तेल

माझा स्वभाव मुळात संशयी नव्हता. हावड्याच्या आमच्या कारखान्यात बॉयलर फुटला, त्या दुपारनंतर तो तसा झाला. मी भिंतीआड होतो म्हणून वाचलो. माझ्याबरोबर चहा पिऊन नुकताच बाहेर पडलेला सहकारी वाचला नाही. तेव्हापासून मी हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसतो. लिफ्टवर, प्रेशर कुकरवर आणि गोड बोलणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. हुगळीवरची लाँचसुद्धा सोडली, कारण तिचा भोंगा. मग गाडीने कामावर जायचं आणि दिवसभर खुर्चीला चिकटून बसायचं, एवढंच उरलं.

बायकोने मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही, हे ऐकून त्यांनी आधी हृदयाची तपासणी करायला लावली. ती ठीक निघाली. मग त्या म्हणाल्या की अपघात होऊन गेला, पण शरीर अजून तिथेच उभं आहे. अशा सतत ताणलेल्या शरीरात रक्त गोठण्याची शक्यता वाढू शकते, हृदयावरही भार येतो, तेव्हा चालत राहा. मला वाटलं, ह्यांचं कुणा हृदयरोगतज्ज्ञाशी साटंलोटं असणार. चालणं मी कानाआड केलं. छातीत दाटून आलं की ती भीती समजायची आणि श्वास सावकाश घ्यायचा, एवढंच सोयीचं म्हणून उचललं.

कालीपूजेच्या, म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनाच्या, संध्याकाळी गल्लीत फटाक्यांचा नुसता कहर चालला होता. मी न्हाणीघरात नळ सोडून बसलो. पाडव्याच्या सकाळी दूध घेऊन जिना चढताना धाप लागली, श्वास घेतला की बरगडीत टोचायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकूंनी जिन्यातच निदान केलं, गॅस. मी बायकोला म्हटलं, कालच्या फटाक्यांचं आहे, जाईल. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या मला इथे मात्र काडीचाही संशय आला नाही.

पाडव्याला नवऱ्याला तेल लावायची आपली पद्धत बायकोने कोलकात्यातही कधी मोडली नाही. तिने पाट मांडला, तेल कोमट केलं. पाठ झाली, हात झाले, उजवा पाय झाला. डाव्या पोटरीवर तिचा हात थांबला. तिने उजवी पोटरी पुन्हा चाचपली, मग पुन्हा डावी.

"हा पाय गरम लागतोय. सुजलाय पण."

मी म्हटलं, बसून बसून झालं असेल, जरा जोरात चोळ म्हणजे मोकळा होईल. तिने हात काढूनच घेतला.

"फटाक्यांनी पाय सुजत नाही," ती म्हणाली. "उठू नका. मी गाडी बोलावते."

तसाच तेलकट अंगाने मी हॉस्पिटलात पोचलो. पायाच्या शिरेत गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात जाऊन अडकला होता. पोटरी चोळली नाहीत हे बरं केलंत, तिथले डॉक्टर बायकोला म्हणाले. हे सगळं बॉयलरमुळेच का, असं मी विचारलं. ते म्हणाले, एकावरच बोट ठेवता येणार नाही. बसून राहणं आहे, आणि इतके महिने मुरलेल्या भीतीचाही हात असू शकतो. मोघम बोलणाऱ्यांचा मला राग येतो, पण त्या दिवशी मी मुकाट्याने ऐकलं. मरणाची भीती वाटत होती, आणि ह्या खेपेला ती खरी होती.

आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, मानसोपचारही. कामावर लाँचने जातो. भोंगा झाला की दचकतो आणि पुढे चालतो.

यंदाच्या पाडव्याला तिने आधी डॉक्टरांना विचारलं, मगच तेल काढलं. ती डाव्या पोटरीशी आली आणि खाली गल्लीत फटाका फुटला. मी दचकलो, तिच्या हातून तर वाटीच सांडली. सांडलेलं तेल तसंच सोडून ती पोटरीच चाचपायला लागली. आता काय झालं तुला, पाय तर बरा आहे, मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी तुम्ही उठायच्या आधी हात लावून बघते."

वर्षभरात मला त्याचा कधी संशय आला नव्हता.