ओल्या बंडीची शर्यत

तोंडातून एक शब्द न काढता मी एकदा अख्खा मोंढा बंद पाडला होता. पटत नाही ना? मलाही पटलं नव्हतं. घ्या, चहा घ्या, निवायच्या आत सांगतो. आणि हसू आलं तर दाबू नका. आमच्या घरात या गोष्टीवर माणसं इतकी वर्षं हसतायत की आता मला त्याची सवयच झालीय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं किराणा आणि हळदीचं दुकान. गादीवर एका तक्क्याला आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि दुसऱ्या तक्क्याला मी. तिशीतच माझं पोट असं सुटलं होतं की मापटं टेकवायला पाट लागत नसे. गिऱ्हाइकाला गूळ पाहिजे असेल तर मी गुळाकडं जात नव्हतो, गूळच माझ्याकडं येत होता!

दुकानात रोज सुपारी घ्यायला कांबळे हवालदार यायचे. फौजेतून निवृत्त झालेले, शाळेत पोरांना कवायत शिकवायचे. बोलणं निम्मं मराठी, निम्मं फौजेचं. एक दिवस म्हणाले, "शेठ, फौजेत आमी एक शर्यत करायचो. आधी पाणी, मग चाक, मग पाय. पोहायचं, सायकल हाणायची आणि वरून पळायचं. मधी थांबायचं न्हाई. आपल्या हिंगोलीत व्हायला पायजे."

आता त्याला ट्रायथलॉन म्हणतात, असं माझा नातू सांगतो. त्या वेळी त्याला नाव नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीत माणूस जास्त लवकर फसतो बघा.

"कोण कोण हाय?" मी सहज विचारलं.

"शिरड शहापूरचा देवराव हाय. रज्जाक सायकलवाला हाय. तिसरा गडी पायजे."

मी तोंड उघडण्याआधीच आप्पा तक्क्यावरून म्हणाले, "आमच्या गणूला इचारू नका हवालदारसाहेब. हा लग्नात बोहल्यापर्यंत चालला न्हाई. घोड्यावर बसून गेला. घोडं आजून लंगडतंय."

दुकानातले हमालसुद्धा हसले. मला काय झालं देव जाणे, मी म्हणालो, "लिहा माझं नाव!"

आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "उतर. पन मला बघायला बोलावू नको. बाजाराचा दिवस हाय. गादी सोडून मी येनार न्हाई."

आता हे हसण्यावारी न्यायचं वाक्य नव्हतं. शाळेत लेझमीच्या मेळ्यात मी पुढं होतो, आप्पा आले नाहीत. जत्रेत एकदा कुस्ती धरली, आप्पा आले नाहीत. त्यात पडलो, म्हणून आले नाहीत ते बरंच झालं, ते सोडा. पण मनात एकच होतं. एकदा, फक्त एकदा, आप्पांनी मला पळताना बघावं. माझी सगळी शर्यत त्याच्यासाठी होती.

सराव केला. पोहणं लहानपणी विहिरीत शिकलो होतो, आणि चरबीचा एक फायदा असतो, माणूस बुडत नाही. सायकल रज्जाकभाईची, भाड्याची. पळण्याचा सराव मोंढ्यातल्या कुत्र्यांनी करून घेतला. त्यांच्यासारखे गुरू नाहीत!

शर्यतीचा दिवस उजाडला. सिद्धेश्वरच्या धरणावर आम्ही तिघं. अंगात अर्धी चड्डी आणि खिशाची पांढरी बंडी. टोपी, धोतर, वहाणा सगळं अलीकडच्या काठावर ठेवलं. पलीकडच्या काठाला सायकली. पोहून निघायचं, सायकलीनं हिंगोलीच्या नाक्याला, तिथून पळत स्टेशन, मोंढा आणि शेवटी चौक. चौकात सुतळी बांधलेली असणार आणि जिंकणाऱ्याला झेंडूचा हार.

हवालदारांनी शेवटची ताकीद दिली. "मुंह बंद! दम नाकानं घ्यायचा. वाटेत कुनाशी बोलला तो मेला." आणि शिट्टी फुंकून ते कुणाच्या तरी फटफटीवर बसून सुतळी बांधायला पुढं निघूनही गेले.

देवराव माशासारखा गेला. मी त्याच्या मागून, पाण्यात सोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा. पण पोचलो! रज्जाकभाईच्या आधी पोचलो! सायकलीला अडकवलेल्या पंच्यानं डोकं पुसलं, तोच ओला पंचा खांद्यावर टाकला आणि सायकलीवर टांग मारली.

आता जरा माझं रूप डोळ्यासमोर आणा. वाण्याचा पोरगा. उघडं डोकं, अनवाणी पाय, अंगावर ओली पांढरी बंडी, ओला पंचा, डोळे पाण्यानं लालभडक. आपल्याकडं माणूस असा कधी दिसतो? कुणाला पोचवून मातीहून परतताना, नाहीतर सुतकाची खबर लागल्यावर! नदीवर बुडी मारून, ओल्या अंगानं, उघड्या डोक्यानं, गप. त्या काळी तर शहाणा माणूस एरवी टोपीशिवाय मोरीतही जात नव्हता.

पण हे तुम्हाला सुचलं. मला सुचलं नाही.

थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला गोविंदाचं हाटेल होतं. चहापत्ती आणि साखर आमच्याच दुकानातून न्यायचा. मला बघून तो कपबशी हातात तशीच घेऊन रस्त्यात आला.

"शेठ! काय झालं हो?"

मी तोंड घट्ट मिटलेलं. हात हवेत उडवला. मला म्हणायचं होतं, आता वेळ नाही.

तो सायकलीबरोबर चार पावलं पळाला. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाला, "आप्पा?"

मला वाटलं, यालाही शर्यतीची खबर लागलेली दिसते. विचारतोय, आप्पा येणार का बघायला? म्हटलं, याच्या तोंडात साखर पडो! मी जोरजोरात मान हलवली, हो, हो, आणि हात हिंगोलीकडं दाखवला.

गोविंदानं कपबशी खाली ठेवली. डोक्याचा रुमाल काढला. वळून बघितलं तर त्यानं रेडिओ बंद केला आणि भट्टीवर पाणी ओतलं. मी मनात म्हटलं, केवढा हा आदर! खेळाडूला मान द्यावा तर गोविंदानं.

थोड्या वेळानं मागून एसटी आली. मला मागं टाकून गेली, पण जाताना हळू झाली. कंडक्टर दारात उभा राहून हात जोडत होता. खिडक्यांतून बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. मीही एक हात सोडून नमस्कार केला. पडता पडता वाचलो.

आणि मग काय बघतो? पुढं बाभळीखाली देवराव! सायकल आडवी टाकून, मान खाली घालून उभा. एसटी त्याच्यापाशी थांबून गेली होती.

मला बघून म्हणाला, "शेठ, तुमी व्हा पुढं. आता तुमालाच जायला पायजे."

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! एवढा तगडा गडी, पुढं असून मला वाट देतो! याला म्हणतात खिलाडूपणा. मी छातीवर हात ठेवून त्याचे आभार मानले आणि सायकल अशी हाणली की रज्जाकभाईनं बघितलं असतं तर भाडं वाढवलं असतं.

नाक्यावर सायकल टाकली, पळायला लागलो. स्टेशनावरून वळलो आणि मोंढ्यात शिरलो. काय सांगू तुम्हाला तो देखावा! बाजाराचा दिवस, आणि दुकानांच्या फळ्या धडाधड लागतायत. हमालांनी पाठीवरची पोती उतरवली. अडते ओट्यावर येऊन उभे. म्हातारेकोतारे टोप्या काढतायत. मी सिनेमात साहेब लोकांना हॅट काढताना बघितलं होतं. वाटलं, आपली हिंगोलीही सुधारली!

मी दोन्ही हात जोडले. निवडून आलेला उमेदवार जसा डावीउजवीकडं हसत जातो, तसा हसत हसत पळत होतो.

मागून कुणीतरी बोललेलं कानावर आलं, "हासून राहिला बिचारा."

दुसरा म्हणाला, "रडू अडकलंय त्याचं. डोस्क्यावर परिणाम झाला."

पण जिंकणाऱ्या माणसाचे कान जरा बंदच असतात.

आमच्या दुकानासमोर आलो. मुद्दाम छाती पुढं काढली, मान वळवली. गादी रिकामी! आप्पा नव्हते. मी कमावता झाल्यापासून बाजाराच्या दिवशी ती गादी कधी रिकामी बघितली नव्हती. म्हटलं, मला बघावं लागू नये म्हणून उठून गेले काय? इतका राग?

एवढं सोडलं तर बाकी थाट बघा. माझ्यामागं सगळा मोंढा चालत निघाला. कुणी कोपराला धरलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. चौकात पोचलो तर तिथं चिटपाखरू नाही. हवालदार नाहीत. दोन खांबांना बांधलेली सुतळी तेवढी वाऱ्यावर हलत होती. मी छातीनं तोडली. टाळी एक नाही.

शर्यत संपली, म्हणजे आता बोलायला हरकत नव्हती. त्या दिवशीचे माझे पहिले शब्द काय असावेत?

"हार कुठंय?"

लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. एक अडते खालच्या आवाजात म्हणाले, "हवालदारसाहेब हार घिऊन घरीच गेले हैत. तू बी चल बाबा."

घरी! सत्कार घरी! मी पुन्हा पळत सुटलो.

गल्लीत वळलो आणि आईचा हंबरडा ऐकू आला. ओसरीवर गर्दी. हवालदार हातात तो झेंडूचा हार घेऊन सावधान उभे. आई मला बघून ओरडली, "गण्या, आप्पा गेले रे! तुलाच रस्त्यात खबर लागली म्हने, आन् मला कुनी सांगितलं न्हाई!"

आता तुम्ही म्हणाल, मला तेव्हा तरी उलगडा झाला असेल. कसला उलगडा हो! रिकामी गादी डोळ्यासमोर आली. फळ्या आठवल्या, टोप्या आठवल्या. मी मटकन बसलो आणि असा हंबरडा फोडला की आईसुद्धा क्षणभर गप्प झाली. ज्या बापानं मला बघावं म्हणून धावलो, तोच गेला! जमिनीवर लोळण घेतली. दोघंतिघं मला धरायला आले. ओली बंडी मातीनं भरली.

तेवढ्यात दाराशी टांगा थांबला. गर्दी दुभंगली. छत्रीचं टोक पुढं आलं आणि कुणीतरी विचारलं, "कोन गेलं रे?"

मी डोळे न उघडताच त्या माणसाचे पाय धरले आणि रडत म्हणालो, "आपले आप्पा गेले हो, आप्पा!"

"अस्सं? मंग मी कोन हाव?"

डोळे उघडले. आप्पा!

त्यानंतर दोन मिनिटं काय झालं ते मला नीट आठवत नाही. आई हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. आप्पांनी मात्र ओसरीवर बसून तिथंच कचेरी भरवली.

"खबर आनली कुनी?"

अडते म्हणाले, एसटीच्या कंडक्टरनं. कंडक्टरला कुणी सांगितलं? तेवढ्यात मागच्या गाडीनं आलेला गोविंदा हाटेलवाला रुमाल हातात धरून गर्दीतून पुढं झाला. आप्पांना बघून त्याची बोबडी वळली.

"बोल गोविंदा, तुला कुनी सांगितलं मी मेलो म्हनून?"

गोविंदानं बोट माझ्याकडं केलं. "ह्या शेठनी, आप्पा. मी दोनदा इचारलं. तोंडानं न्हाई बोलले, पन मान अशी हलवली, अशी! मंग म्या भट्टी इझवली."

सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. माझ्या बापाला मारणारा मीच, आणि त्याच्यासाठी सगळ्यात जोरात रडणाराही मीच!

हवालदारांनी हार पाठीमागं लपवला होता. घसा साफ करून म्हणाले, "काही म्हना आप्पा, गडी पहिला आला."

दारात देवराव आणि रज्जाकभाई उभे होते. देवराव लाजत म्हणाला, "मातीला जायचं तर शर्यत कसली आप्पा? मी टेंपोत बसून आलो." रज्जाकभाई म्हणाले, "मैं भी."

म्हणजे बघा! मी पहिला आलो, कारण बाकीचे दोघं माझ्या बापाच्या मातीला निघाले होते.

गर्दी पांगली, हवालदार तेवढे राहिले. मी मान खाली घालून म्हणालो, "आप्पा, तुमी गादी सोडून गेला होता कुठं?"

आप्पा चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "स्टेशनावर. मोंढ्यात उभं ऱ्हायलो असतो तर लोक म्हनले असते, पोराचं कवतिक बघाया आला. बाकड्यावर बसलो छत्री आड धरून." हवालदारांच्या हातातला हार त्यांनी ओढून घेतला. "बराबर पळत होतास. पायात काही घालायचं तरी. घे, माझ्यासाठी आनलेला हार हाय, वाया काहून घालवायचा?"

आणि माझ्या गळ्यात घातला.

आप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. पुढं एक दिवस खरोखरच गेले. कयाधूवर बुडी मारून आम्ही परत निघालो होतो. ओलं धोतर, ओली बंडी, उघडं डोकं, अनवाणी पाय. मी पुढं, मागून सगळा मोंढा. रज्जाकभाई आता थकले होते, नजरही अधू झाली होती. दुकानाच्या पायरीवर ट्यूब चोळत बसले होते. मला तेवढं ओळखलं आणि हात वर करून ओरडले, "क्या गणूशेठ! इस उमर में फिर शर्यत? कितवा आला?"

सगळे थबकले. मी म्हणालो, "दुसरा, रज्जाकभाई. पहिले आप्पा."

आणि मला भर रस्त्यात हसू फुटलं. थांबेचना.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हासून राहिला बिचारा. रडू अडकलंय त्याचं."

या वेळी मात्र त्यांचं बराबर होतं.