जवळ्यातली वाट

नातवंडं सुट्टीला येतात तेव्हा त्यांना सायकल चालवायला शांत रस्ता हवा असतो. तो शोधायला मोटारीच्या टपावर सायकली बांधून निघतात. मला हसू येतं. आमच्या वेळी डहाणूत शांत नसलेला रस्ताच शोधावा लागला असता.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मला शिक्षिकेची नोकरी लागली ती तलासरीच्या बाजूला, वेवजीच्या अलीकडच्या एका पाड्यावर. घोलवडपर्यंत समुद्राकाठचा रस्ता आणि तिथून आत वळायचं. भाऊ, म्हणजे माझे वडील, रेल्वेत तिकीटबाबू होते, त्यामुळे गाड्यांची वेळापत्रकं आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. सकाळची पॅसेंजर सोयीची होती, पण संध्याकाळची डहाणूला पोचायची ती दिवे लागून गेल्यावर. आईनं तिथेच बोट ठेवलं. लग्नाची मुलगी अंधारातून घरी येणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. पाड्यावर राहण्याची सोय नव्हतीच. मी दोन दिवस न जेवता रुसून बसले, तेव्हा भाऊंनी मध्यस्थी केली. घोलवडच्या एका पारशी कुटुंबाकडून त्यांनी जुनी लेडीज सायकल आणली. आईनं ती बघितली, नाक मुरडलं, आणि एका अटीवर रुकार दिला. तुळशीपाशी दिवा लावायच्या आत मी घरात हवी. एक दिवस जरी चुकला तरी दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायचा.

ती अट पोकळ नव्हती. माझी आई बोलायची कमी, पण बोललेलं मागे घ्यायची नाही.

भाऊंनी मला सुरूच्या बनालगत सायकल शिकवली. मागचं कॅरिअर धरून ते धावायचे, आणि सोडून दिलं तरी बराच वेळ धरलंय असं ओरडत राहायचे. मी पडले की म्हणायचे, रस्ता कुठे जात नाही, ऊठ. नऊवारीतल्या बायका विहिरीवर थांबून बघायच्या. मला त्यांचा राग यायचा, पण राग आला की पायडल जोरात मारलं जायचं, म्हणून तोही कामाला आला.

आणि मग तो रस्ता माझा झाला. सकाळी निघावं तर डावीकडे सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसायचा, उजवीकडे वाड्यांमधली चिकूची झाडं. दिवसातून एखादी एस.टी. धुरळा उडवत जायची, तिचा आवाज पार लांबून यायचा आणि बाजूला उतरून उभं राहायला सवड मिळायची. बाकी गवताच्या बैलगाड्या, टोपल्या घेऊन निघालेल्या बाया, कुठे एखादा टांगा. घोलवड सोडून आत वळलं की तेवढंही नाही. ताडाची झाडं, भाताची खाचरं, आणि माझ्या चेनची करकर. मी मोठ्यानं कविता म्हणायची, पाढे म्हणायची, मुख्याध्यापकांना मनात राहिलेली उत्तरं द्यायची. ऐकायला कोणी नव्हतं, किंवा तसं मला वाटायचं.

वाटेत माझं नाव बदलत जायचं. घरातून पोरी म्हणून निघायचं, किनाऱ्याच्या वस्त्यांवर बाय, घोलवडच्या पुढे बेन, आणि शाळेत पोचलं की बाई. एवढ्याशा रस्त्यात इतकी माणसं मला आपापल्या परीनं हाक मारायची, याचं आज अप्रूप वाटतं.

नरपडच्या पुढे एक कोळीवस्ती लागायची. तिच्यासमोरचा रस्त्याचा तुकडा डांबरी होता, चांगला सपाट. पहिल्याच आठवड्यात मी त्या वळणावरून भरधाव आले आणि समोर रस्त्याला गुलाबी रंग दिलेला दिसला. तो जवळा होता, नखाएवढी बारीक कोळंबी. वाहनं येतच नव्हती, तेव्हा वस्तीतल्या बायकांनी जवळा वाळवायला रस्ता घेतला होता. मी ब्रेक दाबला आणि सायकलीसकट त्या ओल्या जवळ्यात आडवी झाले.

सगळ्यात थोरली बाई, माझ्या आईपेक्षा जरा मोठी, कमरेवर हात ठेवून आली. जो तोंडाचा पट्टा सुटला तो मी खाली मान घालून ऐकला. बोलून झाल्यावर तिनंच मला उठवलं, गुडघ्याला हळद लावली आणि रोज इथून जाणार का म्हणून विचारलं. मी मास्तरीण आहे हे ऐकून ती जरा थबकली. पुढे मी तिला मावशी म्हणायला लागले.

त्या दिवशी शाळेपर्यंत वाटेतली झाडून सगळी कुत्री माझ्या मागे लागली होती. मुलांनी नाकं दाबली नाहीत, उलट आज बाईंच्या घरी काय कालवण आहे म्हणून विचारलं. घरी मात्र आईनं मला मागच्या दारी शिकेकाईनं न्हाऊ घातलं. आमच्याकडे मासळी उंबऱ्याच्या आत सोडाच, पायरीवरसुद्धा यायची नाही. सायकल ओट्यावर चढणार नाही, असा हुकूम निघाला, आणि तेव्हापासून ती बिचारी जांभळाखाली राहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्या वळणावर धाकधुकीनं उतरले. बघते तर जवळा पसरलेला होता, पण मधोमध एक वाट झाडून मोकळी ठेवलेली. सायकल जाईल एवढीच. एका कडेनं मावशी उभी. तिनं हातानं खूण केली, जा. मी श्वास रोखून त्या पट्ट्यातून गेले. त्यानंतर जवळा असला की वाट असायची. संध्याकाळी परतताना मी घंटी वाजवायची, बायका हात वर करायच्या, एवढंच आमचं बोलणं. मला वाटायचं, मी जाते म्हणून त्या वाट ठेवतात. त्यात आणखी काही असेल हे डोक्यातच आलं नाही.

थंडीचे दिवस होते, दिवस लवकर मावळत होता. एके दिवशी शाळा सुटल्यावर मी निघाले आणि घोलवडच्या अलीकडे चेन तुटली. घोलवडातलं सायकलीचं दुकान बंद. गाडीला बराच अवकाश होता, आणि गाडीनं गेलं तरी दिवे लागल्यावरच पोचणार. तेव्हा सायकल हातात धरून चालायला लागले. शाळेतल्या मुलांपैकी काहींना नुकतंच वाचायला यायला लागलं होतं. एक मुलगी तर पाटीवर आपलं नाव लिहून दिवसभर पुसू देत नव्हती. उद्या मी येणार नाही, आणि हे त्यांना कोण सांगणार, असं मनात येऊन मी रडत रडत चालत होते. ज्या रस्त्यावर कोणी नाही म्हणून मी इतकी खूश असायची, त्यावर कोणी नाही म्हणून पहिल्यांदाच भीती वाटली.

वळणावर आले तेव्हा सूर्य समुद्रात बुडून गेला होता. जवळा रस्त्यावरच होता. मी थबकलेच. उन्हं उतरली की त्या बायका जवळा भराभरा टोपल्यांत भरायच्या, कारण दहिवर पडलं की तो काळा पडतो आणि दिवसभराची मेहनत फुकट जाते. आज वस्तीतल्या चारपाच जणी कडेला बसून होत्या आणि मधली वाट तशीच मोकळी होती. मी खाली वाकून हात लावला. जवळा ओलसर लागला.

मी विचारलं, अजून का उचलला नाही. त्यातली एक सून, कडेवर मूल घेतलेली, उठून उभी राहिली.

"तू गेली का आमी जवला उचलतो, बाय. आज तू आलीच नाय."

मग कळलं की माझी घंटी हेच त्यांचं घड्याळ झालं होतं. मी गेले की उठायचं आणि भरायला लागायचं. आज घंटी वाजली नाही. दिवस कलला हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण मी यायच्या आधी जवळा उचलला तर मी येऊन गेले असं होईल, आणि मग मला शोधायला कोणी जाणार नाही, असं मावशीनं सांगितलं होतं. एका गड्याला तिनं घोलवडच्या बाजूला पाठवलं होतं, तो वाड्यांमधल्या आडवाटेनं गेल्यामुळे माझी त्याची चुकामूक झाली. स्वतः ती सायकलवाल्या मास्तरणीचं घर विचारत डहाणूत निरोप द्यायला गेली होती. मी सायकल आडवी टाकली आणि पदर खोचून त्यांच्याबरोबर जवळा भरायला लागले. आता उशीर झालाच होता. शिवाय आईला वासाचं जे वाटायचं ते वाटो.

ती सून मला सोबत करत घरापर्यंत आली. तुळशीपाशी दिवा लागलेला लांबूनच दिसला, आणि मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवायला लागले.

ओट्यावर कंदील होता. कंदिलाशेजारी मावशी बसली होती, तिची मासळीची टोपली तिच्याजवळ, ओट्यावरच. हातात आमच्या घरातला कप. आई तिच्यासमोर भिंतीला टेकून बसली होती. भाऊ मला शोधायला स्टेशनावर गेले होते. मला बघून मावशी उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "आली बग तुजी पोर."

आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जवळ्याचा वास तिला आला असणारच. मग तिनं मावशीची टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला हात लावला. मी आयुष्यात पहिल्यांदाच आईला मासळीच्या टोपलीला हात लावताना बघत होते.

"उद्यापासून हिच्यासाठी थांबू नका," आई म्हणाली. "उन्हं उतरली की जवळा उचला. ही येईल मागाहून."