फोर्नाला घातलेली माळ

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक यंत्र बसवलेलं आहे. वर मायक्रोवेव्ह, खाली ओव्हन, दोघांना मिळून एकच काळी काच, आणि दोघांच्या मधे बोटभर रुंदीची आडवी फट. पेडण्यात आम्ही पाव भाजायच्या भट्टीला फोर्न म्हणत आलो, म्हणून मी यालाही फोर्नच म्हणतो. मुलाने घर नवं केलं तेव्हा सुनेने दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही, हे एवढं मागितलं. मी म्हटलं होतं, भिंतीत देव बसवतात, चूल कसली बसवता? कुणी ऐकलं नाही. तेही मला लागलं होतं.

माझं शिक्षण मराठी तिसरी. पुढचं जे काय शिकलो ते सुर्ल्याच्या खाणीवर, तिथल्या वर्कशॉपात फिटर म्हणून. इंजिनियर कागद घेऊन यायचे, मी इंजिनाला कान लावायचो, आणि बहुतेक वेळा माझा कान खरा ठरायचा. याची मला घमेंड होती. अजूनही थोडी आहे, खोटं कशाला लिहू. पण एकदा तोंडातून शब्द गेला की मागे घ्यायचा नाही, ही खोडही तिथलीच. कोकणी की मराठी यावरून गोव्यात भांडणं पेटली तेव्हा मी मराठीच्या बाजूचा. माझ्या शेजारच्या बाकावरचा फिटर कोकणीच्या बाजूचा. एका डब्यात जेवणारे आम्ही, पुढे एकमेकांशी बोललो नाही. तो मला शिव्या द्यायचा ती भाषा आणि मी उलट द्यायचो ती भाषा, दोन्ही एकच होत्या. हे मला तो वारल्यावर सुचलं.

असो. फोर्नाचं सांगतो.

खाणीवर दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. खनिज उपसणाऱ्या शावेलच्या दातांना, डोझरच्या नाकाडाला, ट्रकच्या आरशांना माळा. ज्याच्या हाताखाली यंत्र, त्यानेच माळ घालायची, हा आमचा रिवाज. मी निवृत्त होऊन घरी आलो तरी तो रिवाज सोडला नाही. विळी, पाण्याचा पंप, मुलाची स्कूटर, मिक्सर, सगळ्यांना माळ. रोजांची फुलं, म्हणजे झेंडू, आणि दोरा केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा. बाजारातला दोरा मी वापरत नाही. सोप भिजवून, चिरून, त्याचा दोरा काढायला अर्धी सकाळ जाते, पण माझी आई तशीच माळ करायची.

फोर्न आला त्या वर्षी दसऱ्याला मी त्याच्यासाठी चांगली हातभर माळ केली. पण अडकवायची कुठे? सगळी काच. खिळा नाही, मूठ नाही. मुलगा चिकटपट्टी घेऊन आला. म्हटलं, "पूजेक चिकटपट्टी? तुझ्या कचेरीत चालत असात, हंय नाय." मग माझी नजर मधल्या फटीवर गेली. माळेचं एक टोक या बाजूला, दुसरं त्या बाजूला, पेचकसाच्या टोकाने दोन्ही आत ढकलली. घट्ट बसली.

सून मागे उभी होती. ती डिचोलीकडची, मयेची. घरात कोकणीच बोलते. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, थंयसून गरम वारो भायर येता. माळ वयल्या कबाटाक घालुया?"

"माका शिकयतंस? तू जल्माक येवच्या आधी मी शावेल उघडून परत जोडलेली हा."

तिने कुंकवाच्या अक्षता माझ्यापुढे केल्या. मी मागे सरकून बघितलं. काळ्या काचेवर पिवळी माळ अशी शोभत होती की मला माझंच कौतुक वाटलं.

चौथ्या दिवशी फुलं सुकली. मी माळ ओढून काढली. एका बाजूने जरा अडली, मी हिसका दिला. निघाली.

दुसऱ्या दिवशी सुनेने फोर्न लावला. त्या आठवड्यात तिचं मोठं काम होतं. हरमलला समुद्राकडे खोल्या भाड्याने देणारा एक माणूस सीझन सुरू होण्याआधी पाव आणि केक पुरवणारं कुणी शोधत होता. रोज सकाळी त्याच्या पाहुण्यांना लागणार होते. तिने पहिला नमुना शनिवारी पाठवायचा होता. तो आवडला की सगळा सीझन तिचा. लग्नाआधी ती नोकरी करायची, लग्नानंतर सुटली. हे तिचं स्वतःचं काहीतरी होणार होतं, हे सगळ्या घराला माहीत होतं.

पंधरा मिनिटं फोर्न बरा चालला. मग आतून घरघर आली, काचेवर कसलं तरी इंग्रजी अक्षर आणि आकडा लुकलुकला आणि सगळं बंद. थंड झाल्यावर परत लावला, परत पंधरा मिनिटं. वरचा मायक्रोवेव्हही तेवढ्यापुरता मरायचा. केक मधे बसलेला, कडा करपलेल्या, पोटात कच्चा पीठगोळा.

घरात फिटर असताना बाहेरचा कशाला, म्हणून मी पुढे झालो. मेन स्विच पाडून परत लावला. प्लगच्या पिना बघितल्या, काळ्या नव्हत्या. टेस्टरने वीज बघितली. दार नीट लागतं का म्हणून दाराच्या फटीत कागद धरून ओढला, रबर घट्ट होतं. यंत्रासोबत आलेलं पुस्तक इंग्रजी. मुलगा वाचून सांगायला तयार होता, मी नको म्हटलं. सगळीकडे हात घातला, फक्त मी स्वतः जिथे हात घातला होता तिथे नाही.

तेवढ्यात मुलगा सुनेला म्हणाला, "त्या दिवसा ठिणगी उडलेली ना गो?"

दसऱ्याआधी तिने सोनेरी काठाची वाटी मायक्रोवेव्हमधे ठेवली होती. तिच्या आईने लग्नात दिलेल्या सहा वाट्यांतली. आत तडतड झालं, तिने लगेच बंद केलं. एवढंच झालं होतं, आणि त्यानंतर आठ दिवस फोर्न नीट चालला होता. हे मला माहीत होतं. तरी मी टेस्टर खिशात टाकत म्हटलं, "तेच. आत जळला असतला. ठिणगी एकदा उडली की यंत्र मग सावकाश मरता."

हे मी कुठून काढलं मलाच ठाऊक नाही. पण मी फिटर, माझा शब्द तो निकाल. मुलगा तिच्यावर ओरडला. "किती फावट सांगला तुका, सोन्याचो काठ चलना नाय! तुझी हौस, आणि तुझोच हात!" तिने स्टुलावर चढून सहाही वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. मग पडवीत जाऊन हरमलच्या माणसाला फोन केला. मी खिडकीशी बसून ऐकत होतो. "म्हजीच चूक जाली," ती म्हणत होती. "ना, दुसऱ्याची न्हय. म्हज्याच हातांतल्यान."

म्हापशाचा मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत राहिला. शनिवार गेला. हरमलच्या माणसाने दुसरा पाववाला धरला.

नंतर एकदा ती दिवसापुरती मयेला आईकडे गेली, मुलगा कामावर. मी एकटाच. फोर्नासमोर मेज सरकवलं, वर गोणपाट घातलं, मेन स्विच पाडला, दाराच्या आतले चार स्क्रू काढले आणि ते धूड पुढे ओढून मेजावर घेतलं. एवढं वजन या वयात उचलायचं नव्हतं, पण उचललं. वरचा पत्रा खोलला. आत गार हवा फिरवायचा एक पंखा असतो. त्याच्या पात्यांत केळीच्या सोपाचा दोरा गुंडाळला होता. गच्च, बोटाएवढा जाड. त्यात रोजांच्या पाकळ्या, वाळून तपकिरी झालेल्या, आणि कुंकू लागलेले चार तांदळाचे दाणे.

बाजारातला दोरा असता तर दुसऱ्या कुणाचा तरी म्हणून सांगता आलं असतं. केळीचा दोरा आमच्या घरात एकच माणूस काढतो.

चिमट्याने सगळं ओढून काढलं, पंखा बोटाने फिरवला, भिंगरीसारखा फिरला. यंत्र परत भिंतीत बसवलं. तासभर चालवलं, बंद पडलं नाही. आणि तो दोरा मी परसात माडाच्या मुळाशी पुरला. जाळला नाही, फेकला नाही, पुरला. चोर असंच करतात.

संध्याकाळी सुनेने फोर्न चालू बघितला आणि तिचा चेहरा असा फुलला! "बाबा, कितें केलें तुमी?"

"वायर सैल होती," मी म्हटलं.

ती वाकून माझ्या पाया पडली. मुलगा म्हणाला, "बघ, तू मोडलंस, बाबांनी जोडलो." मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि चहा मागितला.

पुढे वर्षभर ती फोर्न लावण्याआधी मला विचारायची. "बाबा, लावू?" मी पडवीत असलो तर पडवीत येऊन. एवढीशी वाटी आत ठेवायची तरी मला दाखवून ठेवायची. तिला वाटायचं, आपल्या हाताला खोट आहे आणि बाबांच्या हाताला गुण. मी "लाव" म्हणायचो. सांगायचं मनात आणायचो आणि उद्यावर टाकायचो. शेजारच्या बाकावरच्या त्या फिटरशी बोलायचंही मी असंच उद्या म्हणत राहिलो होतो.

परत दसरा आला. मी मिक्सरची पूजा करत होतो, मुलगा नारळ घेऊन उभा. सून आतून ताट घेऊन आली. ताटात रोजांची माळ, मी करायचो त्याहून लांब. दोरा केळीच्या सोपाचा. गुपचूप शिकली होती, बोटांना सोपाचे काळे डाग पडले होते.

"बाबा, ही फोर्नाक. तुमी हात लायलो म्हणून तो परत चालू जालो. अवंदा मदल्या फटींत बसता इतली लांब केल्या."

मी माळ हातात घेतली. तिने फट पुसून ठेवली होती.

"हंय घालूची नाय," मी म्हटलं. "गेल्या वर्सा ह्याच माळेन तो बंद पाडलेलो. पंख्यात दोरो अडकलेलो. माझो. तुझ्या वाटयेचो काय संबंध नाय. मी उघडून बघितलंय आणि लपयलंय."

मुलाच्या हातातला नारळ तसाच राहिला. सुनेने ताट मेजावर ठेवलं.

"वर्स जालें, बाबा."

"होय."

"हरमलच्या मनशाक हांवें सांगलें, म्हजी चूक म्हणून."

"माका माहीत हा. मी ऐकलेला."

मुलगा मधे पडला, "जावंदे गो, म्हाताऱ्या मनशान..."

"तू ओगी राव," ती त्याला म्हणाली. गप्प राहा, असं ती त्याला कधी म्हणालेली मी ऐकलं नव्हतं. "तुवें म्हाका कितें म्हटिल्लें तें याद कर पयलीं."

मग ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरून वाट्या खाली काढल्या. धुतल्या, पुसल्या. दुपारी मणगणं, आमची चण्याच्या डाळीची खीर, त्या सोनेरी काठाच्या वाट्यांत वाढली. मुलाला, स्वतःला. माझ्यापुढे स्टीलची वाटी ठेवली. मी खाल्ली. गोड कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसने हरमलला गेलो. खोल्यांसमोर बांबूंचं बांधकाम चाललं होतं. मालक तरुण, बोलायला गोड. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फोर्न, माळ, दोरा, सुनेचा फोन. तो जरा गोंधळला.

"आजोबा, कुठला फोन? असे कितीतरी येतात. मी तर विसरलोही."

"तिची चूक नव्हती, एवढंच सांगूक आयलंय."

"नसेल ना. पण माझा पाववाला आता बांधलेला आहे. चहा घ्या."

चहा घेतला नाही. बसमधे सगळी वाट एकच गोष्ट टोचत राहिली. जी चूक तिने वर्षभर मानेवर वागवली, ती ज्याला सांगितली होती त्याच्या लक्षातही नव्हती. म्हणजे ते ओझं फक्त आमच्याच घरात होतं, आणि ते मी ठेवलेलं होतं.

घरी पोचलो तेव्हा ती मेजावर पीठ मळत होती. "कितें म्हणालो?"

वाटलं, थोडं बरं करून सांगावं. बघतो म्हणाला, असं काहीतरी. पण झालं तसंच सांगितलं. काम मिळणार नाही. आणि तुझा फोन तो विसरला.

ती पीठ मळत राहिली. मग हात धुतले, भांड्यात पीठ घातलं, फोर्नाचं दार उघडून भांडं आत ठेवलं आणि कळ दाबली. काचेमागे दिवा लागला.

मी दारातच उभा होतो. तिने मला विचारलं नाही.